लांब पल्ल्याची मासेमारी सफर: बोट लागणे आणि तुमची नेहमीची औषधे

अमेरिकेतल्या सॅन दिएगोहून ट्यूना मासा गळाने पकडायला निघणाऱ्या काही बोटी मेक्सिकोच्या समुद्रात आठवडा-दोन आठवडे फिरतात. दवाखाना जवळ नसल्याने बोट लागणे ही तिथे किरकोळ तक्रार राहत नाही.

मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतून पडते. ती आधीच घ्यावी. कानामागची स्कोपोलामिनची पट्टी ४ तास आधी लावा, ती ३ दिवस चालते. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मधुमेहींनी जास्त जपावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल आणि उलट्यांमुळे खाणे-पिणे थांबले, तर साखर फार न वाढताही रक्तात कीटोन साठून जिवावर बेतू शकते. अशा वेळी ही गोळी थांबवतात. इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचे नसते. मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि इन्सुलिन माशांच्या बर्फात ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच.

पाणीही पोटात टिकत नसेल, धाप लागत असेल किंवा गुंगी येत असेल, तर ‘सगळ्यांची सफर बुडेल’ म्हणून लपवू नका. कप्तानाला लगेच सांगा. सुटकेच्या हेलिकॉप्टरलाही पल्ल्याची मर्यादा असते.