जेराल्डिन फेरारो यांची उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी (१९८४)

जेराल्डिन फेरारो यांची १९८४ मधील उमेदवारी ही अमेरिकेतील प्रमुख पक्षाने उपराष्ट्राध्यक्षपदासाठी एखाद्या स्त्रीला दिलेली पहिली उमेदवारी होय. डेमोक्रॅटिक पक्षाचे नियोजित राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्टर मॉन्डेल यांनी १२ जुलै १९८४ रोजी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे त्यांचे नाव जाहीर केले. १९ जुलै रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील राष्ट्रीय अधिवेशनात फेरारो यांनी ही उमेदवारी स्वीकारली.

निवडीची पार्श्वभूमी

अमेरिकेत या दोन्ही पदांच्या उमेदवारांना मिळून एकच मत दिले जाते. सहउमेदवाराची निवड प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारच करतो. अधिवेशन तिला मान्यता देते. त्यामुळे स्त्रीच्या उमेदवारीचा प्रश्न बहुधा एका पुरुषाच्या निर्णयावर अवलंबून राहिला. १९७२ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात मात्र या पदासाठी फ्रान्सिस फॅरेनथोल्ड यांना दुसऱ्या क्रमांकाची मते मिळाली होती.

१९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांना स्त्रियांचा पाठिंबा पुरुषांच्या तुलनेने कमी होता. हे अंतर वाढविता येईल, अशी डेमोक्रॅटिक पक्षाला आशा होती. स्त्री संघटनांनीही स्त्री उमेदवाराचा आग्रह धरला होता. मॉन्डेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर डायॅन फाइनस्टाइन आणि केंटकीच्या राज्यपाल मार्था लेन कॉलिन्स यांचाही विचार केला होता.

फेरारो या पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. पुढे त्या वकील झाल्या, क्वीन्स येथे सरकारी वकील म्हणून त्यांनी काम केले आणि १९७९ पासून त्या प्रतिनिधिगृहाच्या सदस्य होत्या. वडिलांच्या निधनानंतर आईने कष्टाने कुटुंब सांभाळले. तिच्याविषयीच्या आदरापोटी त्यांनी विवाहानंतरही सार्वजनिक जीवनात माहेरचेच आडनाव कायम ठेवले.

प्रचार

प्रारंभीचा उत्साह फार काळ टिकला नाही. स्थावर मालमत्तेचा व्यवसाय करणारे त्यांचे पती जॉन झकारो यांनी आपली प्राप्तिकर विवरणपत्रे उघड करण्यास आधी नकार दिल्याने ऑगस्टमध्ये वाद उद्भवला. विवरणपत्रे प्रसिद्ध झाल्यावर २१ ऑगस्ट रोजी फेरारो यांनी प्रदीर्घ पत्रकार परिषदेत सर्व प्रश्नांना उत्तरे दिली, तरी प्रचाराचे मोलाचे दिवस त्यात खर्ची पडले. ११ ऑक्टोबर रोजी फिलाडेल्फियातील वादसभेत, केवळ स्त्री असल्यामुळे सोव्हिएत संघ त्यांचा गैरफायदा घेईल काय, असे त्यांना विचारण्यात आले. प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांच्यापुढे असा प्रश्न येण्याचे कारणच नव्हते. परराष्ट्र धोरण समजावून देण्याचा बुश यांचा आविर्भावही फेरारो यांनी तेथेच स्पष्ट शब्दांत नाकारला.

निकाल आणि नंतरचा काळ

रेगन-बुश यांना ५२५, तर मॉन्डेल-फेरारो यांना केवळ १३ निर्वाचक मते मिळाली. स्त्री मतदारांचा कौलही बहुमताने रेगन यांनाच होता. तथापि पराभवाचा दोष फेरारो यांच्यावर ठेवणे न्याय्य नाही; सुधारलेली अर्थव्यवस्था आणि रेगन यांची लोकप्रियता ही कारणे अधिक प्रबळ होती.

यानंतर प्रमुख पक्षाने अशी उमेदवारी पुन्हा देण्यास २४ वर्षे लागली. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या सारा पेलिन पराभूत झाल्या. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस विजयी झाल्या व २० जानेवारी २०२१ रोजी त्यांनी शपथ घेतली. फेरारो यांचे २६ मार्च २०११ रोजी निधन झाले होते.