हप्त्याच्या हिशेबात सापडलेला रोग

तिशीच्या आतबाहेर असलेल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला निघाला की दोष लगेच बैठ्या नोकरीला, जागरणाला आणि पाकिटातल्या फरसाणाला दिला जातो. त्यात तथ्य आहे. पण हा प्रकार आत्ताच उपटला असं जे त्यातून सुचवलं जातं, ते पटण्यासारखं नाही. तरुण, धडधाकट माणसांचा रक्तदाब मोजून त्यांच्या मृत्यूशी त्याचा मेळ घालून पाहण्याचं काम शंभर वर्षांपूर्वीच झालं होतं. ते झालं अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत. डॉक्टरांना हे उशिरा उमगलं, आणि त्या उशिराचं कारण त्यांच्या अडाणीपणात नसून त्यांच्या धंद्याच्या रीतीत होतं, असं मला वाटतं.

दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचायची युक्ती इटलीच्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी 1896 मध्ये काढली. 1905 मध्ये निकोलाय कोरोत्कॉव्ह या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखालच्या धमनीचे आवाज स्टेथोस्कोपने ऐकायला सांगितलं, आणि वरचा व खालचा असे दोन्ही आकडे सहज मिळू लागले. डॉक्टरांनी यंत्र उचललं, पण बांधलं ते आजाऱ्याच्या दंडाला. ज्याला काहीच होत नाही तो दवाखान्यात येत नाही, आणि वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, निदान बरीच वर्षं. विमा कंपनीकडे मात्र अशीच माणसं रांग लावून येत. मिलवॉकीच्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल कंपनीचे वैद्यकीय प्रमुख जॉन फिशर 1907 पासून अर्जदारांचा रक्तदाब नोंदवू लागले. सुरुवातीला चाळिशी ओलांडलेल्यांचा. इतर कंपन्यांनी पद्धत उचलली, वयाची अट सैल झाली आणि 1925 मध्ये अनेक कंपन्यांच्या लाखो विमेदारांचा एकत्र हिशेब छापला गेला. त्यात दिसलं ते असं, की दाब जसा चढतो तसं मृत्यूचं प्रमाण चढत जातं. इथपर्यंत निर्धास्त आणि इथून पुढे धोका अशी रेघ कुठेच सापडत नाही. पुढे 1959 च्या मोठ्या पाहणीवरून मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने काढलेलं गणित तर तरुणांनाच उद्देशून असल्यासारखं होतं. पस्तिशीच्या पुरुषाचा दाब 120/80 असेल तर त्याची सरासरी साडेएकेचाळीस वर्षं उरलेली. तोच 150/100 असेल तर पंचवीस.

इतकं स्पष्ट दिसत असताना वैद्यक गप्प का राहिलं? गप्प नव्हतं, त्याचं मत वेगळं होतं. आखडलेल्या धमन्यांतून मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त पोचावं म्हणून शरीरच दाब वाढवतं, तेव्हा तो उतरवणं म्हणजे त्या अवयवांना उपाशी ठेवणं, असा तर्क होता. पॉल डडली व्हाइट यांच्यासारख्या नामांकित हृदयतज्ज्ञानेही 1931 च्या आपल्या ग्रंथात ही शक्यता मान्य केली होती. वयात शंभर मिळवले की वरचा आकडा ठीक, हा ठोकताळाही बराच काळ चालला. विमेवाल्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेता येत होते, आणि ते फुसके नव्हते. विमेदार बहुतेक खात्यापित्या घरचे गोरे पुरुष, आणि दाब पाहिलेला तोही अर्जाच्या वेळी, धाकधुकीत. पण घाईत मोजलेल्या आकड्यांत चुका असल्या तर निरोगी आणि धोक्यातली माणसं एकमेकांत मिसळतात, दोन्ही गटांतला फरक पुसट होतो. इथे तो पुसट होऊनही ठळक उरला होता. शिवाय ही तपासून, निवडून घेतलेली माणसं. त्यांची ही गत, तर न निवडलेल्यांची याहून बरी असण्याचं कारण नव्हतं.

खरा बळकट आक्षेप दुसराच आहे: औषधच नव्हतं, मग कळून उपयोग काय? विमा कंपनी अर्ज फेटाळून किंवा हप्ता वाढवून मोकळी होत होती. डॉक्टरला तशी सोय नव्हती. हे मान्य. पण औषधं आल्यावरही तरुण मागेच राहिले. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरचे अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि या मुळीकडे जगाचं लक्ष वेधलं गेलं. (तिच्या कीर्तीतला मोठा वाटा पुढे तिच्यातूनच काढलेल्या, स्विस कंपनीच्या रेझर्पिन या औषधाला मिळाला, पण 1957 चा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला, हेही नोंदवायला हवं.) औषधाने जीव वाचतो याचा निर्णायक पुरावा अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतल्या चाचण्यांनी 1967 आणि 1970 मध्ये दिला. चाचणी मात्र थोड्या वर्षांत निकाल मागते, आणि थोड्या वर्षांत पक्षाघात किंवा हृदयविकार होण्याची शक्यता वय झालेल्यांतच जास्त. पंचविशीच्या मुलावर उपचाराचा गुण दाखवायचा तर वीस-तीस वर्षं थांबावं लागेल. तेवढं थांबणं हा विमा कंपनीचा रोजचाच व्यवहार होता, म्हणून तिला तरुणाचा रक्तदाब दिसला.

वैद्यकाने अशी लांबची नजर लावली ती फार पुढे. 1985-86 मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांत 18 ते 30 वयाच्या पाच हजारांवर तरुणांना घेऊन कार्डिया अभ्यास सुरू झाला. चाळिशीच्या आत ज्यांचा दाब वाढलेला होता, त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाले, हे 2018 मध्ये त्यातूनच छापून आलं. कारण आणि परिणाम यांची गाठ मात्र उपचाराच्या चाचणीशिवाय पक्की बसत नाही, आणि ती चाचणी तरुणांपर्यंत अजून नीटशी पोचलेली नाही. रक्तदाब उतरवण्याच्या, 2015 साली गाजलेल्या स्प्रिंट चाचणीत भाग घ्यायला किमान वय 50 होतं.