विज्ञानखेळांचे उत्तरभाग

एखाद्या ग्रंथाचा उत्तरभाग पूर्वभागाच्या तोडीचा उतरणें ही गोष्ट कोणत्याहि वाङ्मयांत विरळाच. भवभूतीनें 'महावीरचरितां'त रामाला राज्याभिषेकापर्यंत आणून सोडलें, आणि 'उत्तररामचरित' लिहून स्वतःच्याच पहिल्या नाटकाला मागें टाकलें. सर्व्हांटिसनें डॉन क्विक्झोटची कथा १६०५ सालीं प्रसिद्ध केली. १६१४ त एका टोपणनांवाच्या गृहस्थानें तिचा खोटा दुसरा भाग बाजारांत आणला. तेव्हां १६१५ त खरा दुसरा भाग देऊन सर्व्हांटिसनें त्या तोतयाची त्याच पुस्तकांत यथेच्छ टर उडविली. हीं उदाहरणें आपण पुनःपुनः सांगतों याचें कारणच हें कीं, तीं अपवादाचीं आहेत. एरवीं दुसरा भाग बहुधा पहिल्याच्या पुण्याईवर जगतो.

गेल्या साठ-पांसष्ट वर्षांत संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे जे खेळ निर्माण झाले, त्यांतील अंतराळ, परग्रह, यंत्रमानव इत्यादि कल्पनांवर रचलेल्या खेळांना तर उत्तरभागांची जणुं सवयच जडली आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मुलें रात्रीं उशिरापर्यंत या खेळांत गढलेलीं असतात, आणि वडील मंडळींच्या मतें तो निव्वळ कालापव्यय होय. आम्हांस स्वतःला हा छंद तरुणपणापासून आहे, व तो प्राध्यापकाला शोभत नाहीं असें मानणारा एक पक्ष आमच्या घरांत अद्यापि प्रबळ आहे. तथापि कथा सांगण्याचा एक नवा प्रकार आपल्या डोळ्यांदेखत वाढला असतां त्याची टीकाशास्त्राच्या दृष्टीनें कांहींच दखल घेऊं नये, हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

ग्रंथाचा वाचक आणि खेळाचा खेळाडू यांत एक मूलभूत भेद आहे, व उत्तरभागाचा सारा प्रश्न त्या भेदांतून उद्भवतो. रामानें सीतेचा त्याग केला कीं नाहीं, हें भवभूतीला प्रेक्षकांस विचारावें लागलें नाहीं. प्रेक्षक हळहळतो, रागावतो, पण त्यानें स्वतः कांहीं केलेलें नसतें. खेळांत मात्र जें घडतें तें खेळाडूच्या हातून घडतें. नगर वांचलें तर त्यानें वांचविलें, सोबती मेला तर त्याच्या निर्णयानें मेला. शंभर खेळाडूंनीं एकच खेळ शंभर प्रकारें संपविला असतां दुसरा भाग रचावयास बसलेल्या कर्त्यापुढें पहिलाच प्रश्न असा उभा राहतो कीं, यांपैकीं खरोखर घडलें कोणतें? एकाचें खरें धरावें तर नव्याण्णवांचें खोटें ठरतें. इतिहासकाराची अडचण ही कीं, साधनें अपुरीं पडतात. या कर्त्याजवळ शंभर साधनें आहेत, शंभरहि अस्सल आहेत, आणि तीं परस्परविरुद्ध आहेत.

आरंभीं हा प्रश्न नव्हताच. १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें स्टीव्ह रसेल व त्याचे मित्र यांनीं पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' नांवाचा दोन यानांच्या झुंजीचा खेळ रचला. एकानें मागाहून पार्श्वभूमीला खऱ्या आकाशांतले तारे आणून बसविले, दुसऱ्यानें मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिलें. जुन्या वाड्याला खण वाढवीत जावें तसा तो खेळ वाढला. जपानांत तोमोहिरो निशिकादो याचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ सालीं आला व दुसऱ्याच वर्षीं त्याचा दुसरा भाग आला. पण तो म्हणजे तेंच आकाश, त्याच शत्रूंच्या रांगा, आणि युक्त्या मात्र चार नव्या. डेव्हिड ब्रेबन व इयन बेल यांच्या १९८४ सालच्या 'एलीट'मध्यें आठ आकाशगंगा व प्रत्येकींत २५६ ग्रह होते, आणि हा एवढा पसारा आज एका छायाचित्रासहि पुरणार नाहीं अशा जागेंत त्यांनीं मावविला होता. त्याच्या १९९३ सालच्या 'फ्रंटियर' या दुसऱ्या भागांत ब्रेबननें यानांना न्यूटनचे गतिनियम काटेकोरपणें लावले. विज्ञानाच्या दृष्टीनें पाऊल पुढें पडलें खरें. पण यानें प्रचंड वेगानें एकमेकांजवळून निसटून जाऊं लागलीं व जुन्या झुंजींची सारी मौज हरपली. न्यूटनला खेळांत घ्यावयाचें तें बेतानेंच घ्यावें, असें आमचें मत तेव्हांपासून झालें आहे.

या खेळांना कथा आली तेव्हां मात्र प्रश्न टळेना. पॉल रीश व फ्रेड फोर्ड या दोघा अमेरिकनांनीं १९९० सालीं 'स्टार कंट्रोल' हा खेळ काढला. एका बाजूला पृथ्वी व तिचे मित्र यांचा संघ, दुसऱ्या बाजूला उर-क्वान नामक बलाढ्य जात व तिचे अंकित, असें तें युद्ध होतें. खेळाडूनें कोणतीहि बाजू घ्यावी, जिंकावें अगर हरावें. १९९२ सालीं दुसरा भाग आला, आणि त्यांत आरंभींच खेळाडूला कळतें कीं, युद्ध केव्हांच संपलें असून आपला पक्ष हरला आहे. मानवजात पृथ्वीवरच एका अभेद्य कवचाखालीं कोंडली गेली आहे. नायक एका दूरच्या, तुटलेल्या वसाहतींतून येत असल्यामुळें ही वार्ता त्याला जितकी नवी, तितकीच खेळाडूलाहि.

ज्यांनीं पहिल्या भागांत रात्री जागवून पृथ्वीला जय मिळवून दिला होता, त्यांच्या पराक्रमावर येथें सरळ पाणी सोडलें गेलें. तरीहि या दुसऱ्या भागाविषयीं खेळाडूंत जी जिव्हाळ्याची भावना आहे ती पहिल्याविषयीं नाहीं. याचें कारण असें कीं, कर्त्यांनीं जेवढें घेतलें त्याहून अधिक परत दिलें. पहिल्या भागांतले उर-क्वान हे केवळ क्रूर शत्रू होते; दुसऱ्यांत त्यांना इतिहास मिळाला. तेहि एकेकाळीं गुलामच होते. त्यांचे धनी शस्त्रानें नव्हे, तर प्रत्यक्ष मनावर ताबा चालवून राज्य करीत, आणि देहाला असह्य वेदना होत असतां तेवढ्यापुरता तो ताबा सुटतो, हें उमगल्यावर त्या वेदना स्वतःवर ओढवून घेऊन उर-क्वान मुक्त झाले. पुन्हां कोणाच्या कह्यांत जावयाचें नाहीं, अशी त्यांनीं शपथ वाहिली. पण शपथेच्या अर्थावरून जातींत फूट पडली. एक शाखा म्हणूं लागली कीं, इतर सर्वांना गुलाम करून ठेवावें. दुसरी म्हणूं लागली कीं, इतर कोणी शिल्लकच ठेवूं नये. खेळाडू ताऱ्यांमागून तारे धुंडाळीत मित्र जमवीत असतो, तेव्हां या दोन शाखांची यादवी दूर कोठें तरी चाललेली असते. त्यानें फार काळ दवडला तर संहारवादी शाखा जिंकते आणि एकेका जातीचा निःपात करीत निघते. पूर्वभागाचा निकाल येथें बदलला आहे, परंतु पूर्वभागाचा अर्थ वाढला आहे. आमच्या मतें उत्तरभागाची हीच कसोटी. खेळाडूचें कृत्य जसेंच्या तसें मान्य केलें कीं नाहीं, ही गोष्ट तिच्यापुढें दुय्यम होय.

'डेयस एक्स' या २००० सालच्या उत्कृष्ट खेळाला तीन शेवट होते, व त्यांतला कोणता पत्करावा याचा विचार करतांना खेळाडूला राज्यशास्त्राची थोडीफार उजळणी करावी लागे. त्याच्या २००३ सालच्या दुसऱ्या भागांत तिन्ही शेवट थोडेथोडे घडले असें ठरवून टाकण्यांत आलें. सर्वांना खूष करणारा पंच शेवटीं कोणालाच खूष करीत नाहीं, हा गांवगाड्यांतला अनुभव येथेंहि आला.

कॅनडांतील बायोवेअर या मंडळीनें सर्वांत महत्त्वाकांक्षी मार्ग धरला. त्यांच्या 'मास इफेक्ट'चे तीन भाग २००७, २०१० व २०१२ सालीं आले, आणि पहिल्या भागांतील निर्णयांची नोंद वाण्याच्या चोपडीप्रमाणें दुसऱ्यांत व तेथून तिसऱ्यांत नेण्याची सोय त्यांनीं केली. खेळाडूच्या पथकांत रेक्स नांवाचा एक दांडगा, पण विचारी योद्धा असतो. त्याच्या जातीची प्रजोत्पादनशक्ति पूर्वीं शत्रूंनीं खुंटविलेली असते. तिच्यावरचा उपाय जेथें सांपडण्याचा संभव आहे, तेंच ठिकाण उध्वस्त करण्याचा प्रसंग पहिल्या भागांत येतो. तेव्हां रेक्सची समजूत पटविली नाहीं तर तो तेथेंच प्राणास मुकतो. तो वांचला तर पुढें आपल्या जातीचा शहाणा नेता होतो. मेला तर त्याच्या जागीं त्याचा आडदांड भाऊ येतो, आणि अशा पुढाऱ्याच्या हातीं वाढती प्रजा सोंपवावी कीं नाहीं, या विचारानें तिसऱ्या भागांत खेळाडूचा हात खरोखर थबकतो. पांच वर्षांपूर्वींच्या चार वाक्यांचें हें फळ! कादंबरीकाराला असा परिणाम साधणें शक्य नाहीं, हें आम्ही कादंबरीविषयीं पूर्ण आदर ठेवून म्हणतों.

परंतु चोपडी जसजशी जाड होत गेली, तसतशी देणीं भागेनात. एका निर्णयाच्या दोन वाटा म्हणजे दुप्पट चित्रें, दुप्पट संवाद, दुप्पट नटवर्ग, आणि त्यांतला अर्धा भाग प्रत्येक खेळाडूला कधीं दिसावयाचाच नाहीं. इतका व्यय कोणती मंडळी किती दिवस सोसणार? मग तडजोडी सुरू झाल्या. पहिल्या भागांत कीटकसदृश जातीच्या शेवटच्या राणीला मारावें कीं सोडावें, हा मोठा पेंच होता. तिसऱ्या भागांत, जिनें प्राण गमावले तिच्या जागीं शत्रूनें बनविलेली कृत्रिम राणी हजर! शेवट तर इतका आंखूड निघाला कीं, सर्व वाटा तीन पर्यायांशीं येऊन थांबल्या, आणि त्या तिघांत तांबडा, निळा व हिरवा या प्रकाशांहून फारसा भेद कित्येकांना दिसेना. खेळाडूंनीं केलेल्या निषेधाचा एक प्रकार सांगण्यासारखा आहे. त्यांनीं वर्गणी काढून चारशेंहून अधिक लहान केक मंडळीच्या कचेरींत पाठविले. वरची साय तांबडी, निळी, हिरवी, आणि चव सगळ्यांची एकच! २०१२ च्या जूनमध्यें मंडळीनें विस्तारित शेवट फुकट दिला, त्यानें राग थोडा निवळला. २०१७ सालीं 'अँड्रोमेडा' हा पुढचा खेळ काढतांना मात्र त्यांनीं आपल्या माणसांना तिसऱ्या भागापूर्वींच दुसऱ्या आकाशगंगेकडे रवाना केलें व सहाशेंहून अधिक वर्षें झोंपवून ठेवलें. आपल्याच कथेच्या शेवटापासून इतक्या दूर पळालेला कर्ता आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं.

येथवर घाईनें केलेल्या शेवटाची गोष्ट झाली. शेवटच न होण्याची गोष्ट 'हाफ-लाइफ'ची. व्हॉल्व्ह या अमेरिकन मंडळीचा हा खेळ १९९८ सालचा. त्याच्या अखेरीस एक गूढ गृहस्थ नायकाला चाकरी देऊं करतो. ती पत्करावी किंवा निश्चित मरण पत्करावें. २००४ सालच्या दुसऱ्या भागानें चाकरी पत्करली असें धरलें, आणि तें कोणाला खटकलें नाहीं. कारण मेलेल्यांना तक्रार करण्यास जागा नव्हती. हा दुसरा भाग पहिल्याहून सरस उतरला. वीस वर्षांनीं जागा झालेला नायक एका परक्या शहराच्या स्थानकांत उतरतो. मधल्या काळांत पृथ्वी परग्रहीयांनीं सात तासांत जिंकलेली आहे, हें त्याला कोणी धड सांगत नाहीं. भिंतींवरून, पाहरेकऱ्यांच्या वागण्यावरून, लोकांच्या पडलेल्या चेहऱ्यांवरून तें आपणच समजून घ्यावें लागतें. त्याला जोडलेले दोन लहान प्रसंग २००६ व २००७ सालीं आले. दुसऱ्याच्या शेवटीं वृद्ध शास्त्रज्ञ एलाय व्हान्स मुलीच्या डोळ्यांदेखत मारला जातो, तिच्या आक्रोशावर पडदा पडतो, आणि तिसरा प्रसंग कधीं आलाच नाहीं. मार्क लेडलॉ हा त्यांचा कथालेखक २०१६ सालीं मंडळींतून बाहेर पडला. पुढल्या वर्षीं त्यानें पात्रांचीं नांवें बदलून एका पत्राच्या रूपानें तो न झालेला शेवट प्रसिद्ध केला, आणि लोकांनीं तो हरवलेल्या बखरीप्रमाणें वाचला. २०२० सालच्या 'हाफ-लाइफ: ॲलिक्स'मध्यें कथा पांच वर्षें मागें गेली, व शेवटीं काळालाच वळसा घालून एलायचें मरण पुसून टाकलें गेलें. २०२४ सालीं मंडळीचे प्रमुख गेब न्यूएल यांनीं सांगितलें तें असें कीं, केवळ कथा पुढें न्यावयाची एवढ्यासाठीं खेळ काढणें त्यांना पुरेसें वाटलें नव्हतें. कारागीर म्हणून त्यांचें म्हणणें आम्हांस समजतें. पण आपल्या श्रोत्यांना प्रेतापाशीं बसवून उठून गेलेल्या कीर्तनकाराला, आज नवी चाल सुचली नाहीं, असें म्हणण्याची मोकळीक कितपत असावी?

खेळाडूचा हक्क असा अर्धवट, तर कर्त्याचाहि फारसा पुरा नाहीं. 'स्टार कंट्रोल'चा तिसरा भाग १९९६ सालीं आला तो रीश व फोर्ड यांच्यावांचून, दुसऱ्यांच्या हातून. जुन्या खेळाडूंनीं त्याला घरांत घेतलें नाहीं. सर्व्हांटिसप्रमाणें उत्तर देण्याची सोय मूळ कर्त्यांना नव्हती, कारण नांव त्यांचें नव्हतें. २००२ सालीं त्यांनीं दुसऱ्या भागाची मूळ संहिता लोकांना मोफत खुली केली, व हौशी मंडळींनीं ती 'दि उर-क्वान मास्टर्स' या नांवानें आजच्या यंत्रांवर चालती ठेवली. 'स्टार कंट्रोल' हें नांव हस्तांतरित होत होत २०१३ सालीं स्टारडॉक या कंपनीकडे गेलें. तिनें २०१८ सालीं त्या नांवाचा निराळाच खेळ काढला, त्यावरून कज्जा झाला व २०१९ सालीं तो तडजोडीनें मिटला. २०२४ सालीं रीश व फोर्ड यांच्या बाजूनें खऱ्या पुढच्या भागासाठीं लोकवर्गणी जमविण्यांत आली, आणि तीस वर्षांपूर्वींच्या पोरांनीं, आतां केस पिकलेल्या वयांत, ती हौसेनें भरली. त्या भागाचें नांव 'फ्री स्टार्स: चिल्ड्रन ऑफ इन्फिनिटी' असें आहे, 'स्टार कंट्रोल' हे दोन शब्द त्याच्या मुखपृष्ठावर घालतां येत नाहींत.