तानाकांनी न फेकलेली पावडर

वसईहून मी तुमच्याशी बोलतोय.

स्टेशनबाहेर शेंगदाणे भाजताना बघितलंय ना? दाणे थेट आगीवर टाकत नाहीत, तापलेल्या वाळूत टाकतात. उष्णता वाळू झेलते, म्हणून दाणा करपत नाही. आजची गोष्ट अशाच एका वाळूची. फक्त तिचा कण ३० नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीच्या दोन-तीन हजाराव्या हिश्शाएवढा!

साल १९८५. जपानमधलं क्योटो, शिमाद्झू कंपनी. कोइची तानाका, वय २५, शिकलेले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. काम काय, तर शरीरातल्या मोठ्या रेणूंचं वजन करायचं. त्यासाठी रेणू अख्खा उडवून त्याला विद्युतभार द्यावा लागतो. पण थेट लेझर मारला की त्याचे तुकडे व्हायचे. म्हणून लेझरची उष्णता झेलायला कोबाल्टची अतिबारीक पावडर घेतली. तरी जमेना.

एके दिवशी तानाकांनी पावडरीत अॅसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन मिसळलं. महागडी पावडर फेकवेना. ग्लिसरीन लवकर उडावं म्हणून नमुना यंत्रात ठेवून त्यावर लेझर मारत बसले आणि पडद्याकडेही बघत राहिले. तिथे बी-१२ जीवनसत्त्वाचा रेणू अख्खा दिसला! १९८७पर्यंत त्यांनी प्रोटीनही मोजून दाखवलं.

त्याच काळात जर्मनीत कारास आणि हिलेनकाम्प पावडरीऐवजी सेंद्रिय आम्लांचे स्फटिक वापरत होते. ती पद्धत जास्त संवेदनशील, म्हणून जगभरच्या लॅबनी तीच उचलली. तिचं नाव माल्डी. आज मोठ्या हॉस्पिटलांत जंतू ओळखायला तीच वापरतात. पण २००२च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तानाकांना, जर्मन जोडीला नाही. हा वाद अजून निघतो. मला विचाराल तर, प्रोटीन आधी दाखवलं तानाकांनी, पण पद्धत घरोघरी नेली जर्मनांनी. नोबेल तिघांत वाटलं असतं, तर बरं झालं असतं.

मग पावडर संपली का? नाही. स्फटिकांचे स्वतःचे छोटे रेणूही मोजणीत घुसतात. त्या गर्दीत औषध, साखर असे हलके रेणू हरवतात. म्हणून १९९५मध्ये ग्रॅफाइट आलं, १९९९मध्ये सच्छिद्र सिलिकॉन, पुढे सोन्याचे नॅनोकण. म्हणजे बाजूला पडलेली वाळू पुन्हा कढईत!

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला चुकीचं मिसळलं की मी ते बेसिनमध्ये ओतून मोकळा व्हायचो. तेव्हा काय काय वाहून गेलं, कुणास ठाऊक.

भेटू पुढच्या भागात!