धुक्यांतील घोडबंदर रस्ता

पौषांतील एखाद्या निवांत रात्रीं ठाणें शहरांतील माजिवड्याच्या नाक्यावरून घोडबंदरची वाट धरली, तर कापूरबावडी मागें पडेपर्यंत विशेष असें कांहीं जाणवत नाहीं. दुतर्फा उंच इमारती, मधोमध मेट्रोचे खांब, मालाच्या अवजड गाड्यांची अखंड रांग आणि चौकाचौकांतील तांबडे-हिरवे दिवे. मानपाडा जातो, वाघबीळ जातें, कासारवडवली येते आणि हवेंत हळूहळू गारवा शिरतो. ओवळ्याच्या पुढें रस्ता डोंगराला बिलगून चालूं लागतो व उजव्या हातास खाडीचा खारट वास येतो. मग गायमुखाच्या वळणावर दिव्यांभोंवतीं पिवळसर वलयें दिसूं लागतात आणि पाहतां पाहतां धुकें सारा देखावा आपल्या पोटांत घेतें. तीस मजल्यांची इमारत दहा मजल्यांवरच संपल्यासारखी भासते. खाडी व आकाश यांच्यामधील रेषा पुसली जाते. येऊरच्या डोंगराचा माथा तेवढा पांढऱ्या पाण्यांत उभ्या असलेल्या बेटासारखा वर राहतो.

या धुक्याचें मूळ शोधावयाचें तर तेथील भूगोल पाहिला पाहिजे. ठाणें हें साष्टी बेटाच्या पूर्वकांठावर वसलेलें आहे. कल्याणवरून येणारी उल्हास नदी ठाण्यापाशीं दुभागते. एक फांटा दक्षिणेस मुंबई बंदराकडे जातो, त्यास ठाण्याची खाडी म्हणतात. दुसरा पश्चिमेस वळून घोडबंदरवरून वसईपाशीं समुद्रास मिळतो. हा दुसरा फांटा आणि येऊरचा डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींतून घोडबंदरचा रस्ता सुमारें अठरा-वीस किलोमीटर धांवतो. हिवाळ्यांत आकाश निरभ्र व वारा पडलेला असला, म्हणजे जमीन दिवसां सांठविलेली उष्णता रात्रीं झपाट्यानें टाकते आणि तिला लागून असलेली हवा थंड होते. थंड हवा जड. ती ओढ्यानाल्यांच्या वाटेनें उतारावरून खालीं पाझरते व खाडीकांठच्या ओलसर हवेंत मिसळते. तेथें तपमान दंवबिंदूपर्यंत उतरलें कीं बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि धुकें धरतें. सकाळीं उन्हें वर आलीं, कीं तें विरून जातें.

डोंगर आणि खाडी या ज्या दोघांच्या भेटींतून हें धुकें जन्मास येतें, त्याच दोघांनीं ठाण्याचा इतिहासहि घडविला आहे. खाडीनें दूरदूरचे लोक व त्यांचा माल आणला. डोंगरानें लांकूड, पाणी आणि आसरा दिला.

उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांच्या काळीं या नगरास श्रीस्थानक म्हणत. नवव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हें घराणें या किनाऱ्यावर नांदलें. या राजवटीची ओळख नव्या जगास झाली ती एका योगायोगानें. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना एक ताम्रपट सांपडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा, राजा अरिकेसरी याच्या दानाचा होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडांत त्याचें भाषांतर प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाचा शोध नुकता कोठें सुरू होत असतां ठाण्याच्या मातीनें आपली साक्ष अशी दिली. त्याच घराण्यांतील मुम्मुणि राजाच्या काळचें, शके ९८२ चा शिलालेख असलेलें अंबरनाथचें देऊळ आजहि उभें आहे. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवानें त्याचा पाडाव केला, आणि सोमेश्वराचा अंत समुद्रावर झाला. बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे देखावे कोरलेले आहेत. ते याच संग्रामाचे असावेत, असें कित्येक अभ्यासक मानतात.

घोडबंदर या नांवाचा अर्थ लोक सांगतात तो साधा आहे: घोड्यांचें बंदर. अरबी घोडे येथें उतरत म्हणून हें नांव पडलें, अशी समजूत आहे. तिला पोषक असा एक दाखला तेराव्या शतकाच्या अखेरचा आहे. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें ठाण्याच्या राज्याचें वर्णन करतांना तेथील कातडें व सुती कापड यांची वाखाणणी केली, आणि एक चमत्कारिक गोष्टहि नमूद केली. येथील राजाचा समुद्रावरील चांच्यांशीं करार होता. लुटींत घोडे सांपडले तर ते राजास द्यावयाचे, बाकीचा माल चांच्यांचा. कोंकणच्या दमट हवेंत उत्तम घोड्यांची पैदास होत नसे, आणि सैन्यास तर घोडे हवेत. यामुळें जहाजांतून उतरणाऱ्या जनावरास येथें सोन्याचें मोल होतें. पुढें १३२१ सालीं चार ख्रिस्ती साधु ठाण्यांत मारले गेले, आणि लौकरच तेथें आलेल्या ओडोरिक नामक इटालियन धर्मोपदेशकानें त्यांची हकीकत युरोपांत पोंचविली. धर्म, व्यापार आणि राजकारण या तिन्हींच्या वाटा या लहानशा खाडींत येऊन मिळत होत्या.

१५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादुरशहानें वसई व तिच्या अंमलांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि साष्टीचा नवा अध्याय सुरू झाला. चर्च उभीं राहिलीं. ठाण्याचे विणकर आपल्या रेशमी कापडाबद्दल प्रसिद्ध होते. घोडबंदरच्या टेकडीवर खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारा कोट झाला. १६७५ मध्यें फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य या खाडींतून गेला. टेकडीच्या पायथ्याचें नीटनेटकें गांव व माथ्यावरची तटबंद हवेली त्याच्या लक्षांत राहिली. त्यापूर्वींच, १६५७ मध्यें, शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी हस्तगत करून खाडीकांठीं जहाजें बांधावयास आरंभ केला होता. एकाच पाण्यावर दोन सत्तांची नजर होती, हें पोर्तुगीजांस त्या दिवसापासून कळून चुकलें.

तो प्रश्न ऐंशी वर्षांनीं निकालांत निघाला. १७३७ मध्यें चिमाजी आप्पाच्या मोहिमेंत, पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतलेला किल्ला पुरा होण्यापूर्वींच, ठाणें मराठ्यांच्या हातीं आलें. १७३९ मध्यें वसई पडली. पेशवाईंतील सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या कारकीर्दींत मासुंदा तलावाच्या कांठीं कोपिनेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. परंतु हा अंमलहि चार दशकें टिकला नाहीं. १७७४ च्या डिसेंबरच्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली.

इंग्रजांनीं किल्ल्याचा तुरुंग केला. त्याच्या भिंतींना दोन फार निराळ्या आठवणी आहेत. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथें कैदेंत होता. १८१६ च्या सप्टेंबरांत तो निसटला. तटाबाहेर घोडा फिरविणाऱ्या एका मोतद्दारानें मराठी गाणें गात गात त्यास बेत कळविला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांस त्यांतील अक्षरहि उमगलें नाहीं, अशी कथा प्रसिद्ध आहे. दुसरी आठवण हृदय जड करणारी आहे. १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तीन तरुणांस याच तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें.

यानंतर आला तो सर्वांत मोठा पालट. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून चौदा डब्यांची आगगाडी चारशें पाहुण्यांना घेऊन निघाली व एकवीस मैलांचें अंतर कापून ठाण्यास पोंचली. पुढील वर्षीं ती खाडी ओलांडून कल्याणास गेली. त्यानंतर दहाएक वर्षांनीं दुसऱ्या कंपनीचा लोहमार्ग भाईंदरपाशीं वसईची खाडी ओलांडून गुजरातेकडे गेला. या दोन लोहमार्गांनीं घोडबंदरच्या नशिबाचा निर्णय केला. माल आतां पडावांऐवजीं डब्यांतून जाऊं लागला. एका टोंकास ठाणें, दुसऱ्या टोंकास भाईंदर. मधला घोडबंदरचा पट्टा दोन्हींपासून दूर राहिला. ज्या पाण्यासाठीं राज्यें झगडलीं, त्या पाण्याच्या कांठीं भातशेती, मिठागरें, ताडाची झाडें आणि आगरी, कोळी, वारली व ख्रिस्ती लोकांची गांवें तेवढीं उरलीं. गायमुख, नागला बंदर, कोलशेत येथें रेतीचे पडाव लागत.

इकडे ठाणें गांवांत मात्र दुसऱ्या प्रकारची संपत्ति वाढत होती. १८६३ मध्यें नगरपालिका झाली. १८६६ मध्यें ‘अरुणोदय’ पत्र निघालें. १८७९ मध्यें बेने इस्रायल समाजानें आपलें प्रार्थनामंदिर उभारलें. १८९३ मध्यें, पुढें ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं या गांवाची लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास होती.

ती निद्रा मोडली ती कारखान्यांनीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्यें स्थापन झालें आणि वागळे इस्टेट भरूं लागली. पोखरण, माजिवडे, घोडबंदर या बाजूंस धुराडीं दिसूं लागलीं. अहमदाबादचा राष्ट्रीय मार्ग घोडबंदरपाशीं खाडी ओलांडूं लागला, तेव्हां हा जुना रस्ता पुन्हां नकाशावर ठळक झाला. १९८२ मध्यें ठाण्याची महानगरपालिका झाली. नंतर कित्येक कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागीं, तसेंच शेतांच्या व मिठागरांच्या कडेनें, रहिवासी इमारती चढूं लागल्या. २०११ च्या शिरगणतींत महानगरपालिकेच्या हद्दींत अठरा लाखांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं. शतकभरापूर्वींच्या एका माणसामागें शंभराहून अधिक.

इतका पालट होऊनहि एक गोष्ट हटली नाहीं, ती म्हणजे नांवें. बसच्या पाट्या वाचीत गेलें, तर सारा इतिहास क्रमानें समोर येतो. मानपाडा, पातलीपाडा, भाईंदरपाडा या नांवांत रानाकडेचे पाडे आहेत. कापूरबावडी या नांवांत पाणवठा आहे. वाघबीळ या नांवांत वाघाचें बीळ आहे. आणि येऊरच्या रानांत बिबटे आजहि आहेत. नागला बंदर व घोडबंदर या नांवांत नांगरलेलीं जहाजें आहेत. दिवसां या पाट्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. धुक्याच्या रात्रीं इमारती झांकल्या जातात, डोंगराची कड व पाण्याची चाहूल तेवढी राहते, आणि त्या क्षणापुरतीं हीं नांवें पुन्हां खरीं ठरतात. या रात्रींचें सौंदर्य त्यांत आहे.

परंतु या सौंदर्याला एक धोका आहे. धुकें आणि धुरकें यांत फरक आहे. धुकें पाण्याचें असतें. धुरक्यांत गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ व जळालेला कचरा मिसळलेला असतो. जी निश्चल थंड हवा थेंब धरून ठेवते, तीच ही घाणहि जमिनीलगत कोंडून ठेवते. शुद्ध धुकें पांढरें असतें, त्यास ओल्या मातीचा वास येतो आणि तें उन्हाबरोबर जातें. धुरकें करडें असतें, तें डोळ्यांस झोंबतें आणि दुपारपर्यंत रेंगाळतें. घोडबंदर रस्त्यावर रात्रभर मालगाड्या वाहतात. पहांटे शाळेस निघालेलें मूल व फिरावयास निघालेले वृद्ध ज्या हवेंत श्वास घेतात, ती या दोहोंपैकीं कोणती, हा घरोघरचा प्रश्न झाला आहे.

त्याचें उत्तर पुन्हां डोंगर व खाडी यांकडेच जातें. येऊरचें रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे; सुमारें एकशेंचार चौरस किलोमीटरचें हें उद्यान महानगराच्या पोटांत टिकून आहे, याचें परकीयांस नवल वाटतें. ठाण्याच्या खाडीस २०२२ मध्यें रामसर करारान्वयें जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. परंतु रोहित पक्ष्यांच्या त्या दक्षिण फांट्यास जो मान मिळाला, तो घोडबंदरच्या बाजूच्या फांट्यास मिळालेला नाहीं. त्याच्या कांठची कांदळवनें, ओढ्यांचीं मुखें आणि भरतीचें पाणी पसरावयाची जागा हीं टिकलीं, तरच डोंगरावरून उतरणाऱ्या थंड हवेस भेटावयास ओलसर हवा राहील. एरवीं तिला भेटावयास धूर तेवढा उरेल.

श्रीस्थानक, पोर्तुगीजांचें ठाणें, पेशव्यांचें ठाणें, इंग्रजांचें ठाणें, कारखान्यांचें ठाणें आणि आजचें ठाणें, अशीं सहा शहरें या एकाच जागीं होऊन गेलीं. राजे बदलले, बंदर ओस पडलें, शेतें गेलीं. हिवाळ्यांतील धुकें मात्र प्रत्येकानें पाहिलें. अरबी घोड्यांचे खूर वाळूवर वाजले असतील तेव्हांहि तें असेंच खाडीवरून सरकत आलें असेल. आज गायमुखाच्या वळणावर एखादा चालक गाडीचा वेग कमी करतो, कांच खालीं घेतो आणि क्षणभर कांहीं न दिसणाऱ्या पाण्याकडे पाहतो. तेवढ्यांत मागच्या गाडीचा कर्णा वाजतो, तो पुढें निघतो, आणि पांढऱ्या पडद्याआड पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तसाच चालू राहतो.