सोयाबीन, गांजा आणि दिवसाची लांबी

श्रावणात मानोऱ्याहून पोहरादेवीला जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन दिसेल. पाऊस लांबून पेरणी उशिरा झाली की झाड बुटकंच राहतं आणि तसंच फुलावर येतं, हे इथला कुठलाही शेतकरी सांगेल. म्हणजे झाड नुसतं वय मोजत नाही, दिवस किती लहान झाला तेही बघतं. विज्ञानाला हे कळायला विसावं शतक उजाडलं, आणि सुरुवात झाली चक्क गांजाच्या झाडापासून. (विषयाचं नाव काढलं की गाईड आधी दार लोटून घेतात, चालायचंच.)

पॅरिसमध्ये ज्युलियाँ तुर्नवा हा तरुण संशोधक जपानी हॉप आणि कॅनाबिस यांच्या फुलांतल्या विकृती अभ्यासत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं अगदी चिमुकली असतानाच फुलली. तुम्ही-मी वहीत 'बॅच खराब' असं लिहून मोकळे झालो असतो. त्याने रोपं झाकून प्रकाशाचे तास कमी केले आणि १९१२ मध्ये मांडलं की फुलोरा लवकर आणणारं कारण लहान दिवस हे आहे. १९१४ मध्ये तो आणखी पुढे गेला: दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबणं महत्त्वाचं असावं. मग पहिलं महायुद्ध आलं आणि तो त्यात मारला गेला.

१९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हेच सविस्तर दाखवलं. 'फोटोपिरियॉडिझम' हा शब्द त्यांचा, श्रेयही बहुतेक पुस्तकांत त्यांचंच. रात्रीची गोष्ट पक्की व्हायला १९३८ उजाडलं. तेव्हा हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम वापरलं, म्हणजे आपल्या बांधावरच्या काटेरी फळांच्या तणाचाच भाऊबंद.

आता ऑटोफ्लॉवरिंग जातींकडे या. १९२४ मध्ये यानिशेव्स्की यांनी रशियात रानोमाळ वाढणारं बुटकं कॅनाबिस 'रुडेरालिस' म्हणून नोंदवलं. त्यांच्या सारातोव्हला जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, पोहरादेवीला जेमतेम सव्वातेरा. तिकडे दिवस लहान व्हायची वाट बघत बसलं तर बी धरायच्या आधीच कडाका पडतो. म्हणून जे झाड वाट न बघता, उगवल्यावर तीन-चार आठवड्यांत फुललं, तेच टिकलं. २००० नंतर 'लोरायडर'सारख्या जाती याच गुणावर बाजारात आल्या: बुटक्या, झटपट, उत्पन्न मात्र कमी. हा गुण बहुतांशी अप्रभावी असतो. साध्या जातीशी संकर केला की पहिल्या पिढीत दडतो, दुसरीत सुमारे पाव झाडांत परत दिसतो. अलीकडच्या अभ्यासात त्याचा माग पीआरआर३७ या घड्याळ-जनुकापर्यंत गेला आहे.

आपल्याकडे या गुणाची गरजच पडली नाही. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात खांडवा आणि अहमदनगरकडच्या गांजाच्या शेतीचं वर्णन आहे: पेरणी पावसाळ्यात, काढणी थंडीत. म्हणजे आपल्या तुरीचंच वेळापत्रक. 'ऑटो जाती भारतात का निपजल्या नाहीत?' असा प्रश्न मुलाखतीत आला तर उत्तर अक्षांशात शोधा.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्याच फुलोऱ्यावर बेतलेली आहे, आणि परवान्याशिवाय झाड लावणं गुन्हा आहे, मग ते ऑटो असो वा साधं. पण पीआरआर घराण्यातली जनुकं सोयाबीनचाही फुलोरा ठरवतात. त्याला परवाना लागत नाही. दर पंधरा दिवसांनी पाच ओळी पेरा, पहिलं फूल कधी दिसलं ती तारीख लिहा.