गावची राखण आणि दरोडेखोरांच्या टोळ्या

दरोडेखोरांच्या टोळ्या म्हटल्या की बंदुका, घोडी आणि पाठलाग करणाऱ्या पलटणी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु बांधल्या गेलेल्या टोळीचा बीमोड करणे हे एक काम, आणि ती मुळात बांधलीच जाऊ नये अशी तजवीज करणे हे दुसरे. पहिल्या कामाची वर्णने इतिहासात भरपूर आढळतात. दुसऱ्याची हकीकत मात्र गावच्या शिवेवर शोधावी लागते.

१८१८ साली पेशव्यांचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले. पुढल्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या बंदोबस्ताचे चांगले वर्णन सापडते. बंदोबस्ताची मुख्य जबाबदारी पाटलावर असे आणि त्याच्या हाताखाली जागल्या असे. हे काम कोठे महार, कोठे रामोशी, तर कोठे भिल्ल करीत. गावात कोण आले, कोण गेले, परका माणूस कोठे उतरला, यावर जागल्याने नजर ठेवावी, रात्री गस्त घालावी आणि संशयिताची खबर पाटलास द्यावी, अशी रीत होती. गावातील प्रत्येक माणसाचा स्वभाव त्याला ठाऊक असणे हे त्याचे कर्तव्यच मानले जाई. त्याचा मोबदला घरोघरच्या धान्यातून मिळत असल्यामुळे त्याचे पाय रोज प्रत्येक उंबरठ्याला लागत आणि माहिती आपोआप गोळा होई.

चोरी झाली की जागल्या पावलांवरून माग काढीत निघे. माग दुसऱ्या गावाच्या हद्दीत गेला आणि तेथील जागल्याची तशी खात्री पटली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे व पुढचा शोध दुसऱ्याने घ्यावयाचा. ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे पोहोचला, त्याच्यावर चोरीची भरपाई येई. ती जागल्याने ऐपतीप्रमाणे द्यावी आणि उरलेली सगळ्या गावाने सोसावी, असा दंडक होता. अर्थात, चोराला आसरा देणे कोणत्याही गावास परवडणारे नव्हते. आणि आसऱ्यावाचून टोळी फार दिवस तग धरू शकत नाही.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. जागल्या स्वतःच चोर असावा आणि पाटलाने चोरांना पाठीशी घालून वाटा घ्यावा, असे प्रकार वारंवार घडत, हेही एल्फिन्स्टनने नमूद केले आहे. म्हणून हयगय करणाऱ्याचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगास देत. दंड, बेडी व मारहाण याही शिक्षा होत्या.

परंतु खरा धोका निराळाच होता. राखण करणाऱ्याची भाकर गेली म्हणजे तो काय करील? पुरंदरच्या परिसरातील रामोशांकडे किल्ल्याच्या राखणीची परंपरागत चाकरी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती त्यांच्या हातून गेली आणि इंग्रजी अमलात जुने हक्क आणखी आक्रसले. या असंतोषातूनच उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. मध्यंतरी सरकारने त्यांना माफी देऊन बंदोबस्ताचे कामही सोपविले होते. पण ते जमले नाही आणि १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. सरकारदप्तराने त्यांना दरोडेखोर म्हटले. आज महाराष्ट्र त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करतो.

खानदेशात याच्या उलट अनुभव आला. तेथील भिल्लांवर सरकारने प्रथम पलटणी पाठविल्या. पण डोंगरातील तापाने शिपाई बेजार झाले आणि लुटालूट थांबली नाही. अखेर १८२५ साली धोरण पालटले. भिल्लांना जमिनी व तगाई देऊन शेतीकडे वळविण्यासाठी अधिकारी नेमले गेले आणि जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारण्यास आरंभ केला. आउट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्यासह शिकारीला गेला आणि त्याने त्यांचा विश्वास संपादन केला. काल ज्या वाटांवर लूट होत होती, त्याच वाटांची राखण भिल्ल शिपाई करू लागले. पुढे माळव्यात आणि मेवाडातही अशा भिल्ल पलटणी निघाल्या.

इतका धडा हाती असूनही सरकार पुढे विसरले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांच्या माणसांची नोंद, हजेरी आणि परवान्यावाचून हालचालीस बंदी सुरू झाली. सोलापूरसारख्या ठिकाणी तर त्यांना तारेच्या कुंपणात वसविण्यात आले. जागल्याला माणूस ठाऊक असे. या कायद्याला फक्त जात ठाऊक होती. ज्याच्यावर आईच्या पोटातच शिक्का बसला, त्याला सरळ वाट कोण दाखविणार? मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला. कायदा गेला, तरी संशयाची नजर अद्याप गेलेली नाही.

वंशपरंपरागत पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने संपली; १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखालील नेमणुकीचा पोलीस-पाटील मात्र आजही गावोगाव आहे. गावची खबर ठेवणे व ती ठाण्यास कळविणे हेच त्याचेही काम. शहरातील गस्तीच्या शिपायाचेही याहून निराळे नाही. आपल्या गल्लीतील कोणता मुलगा शाळा सोडून नाक्यावर बसू लागला, हे ज्याला आधी कळते आणि त्या मुलाला जो नावाने हाक मारतो, तोच टोळीची वाट अडवितो. मात्र त्या मुलाला वळावयास दुसरी वाट हवी. आणि ती काढून देणे हे एकट्या पोलिसाचे काम नव्हे, ते साऱ्या गावाचे आहे.